केसरच्या मागून

हात मागे आला तो भागोजीचाच होता, पण त्याला मागे ये म्हणून भागोजीनं सांगितलं नव्हतं. मशीन चालवताना बोट सुईखाली जायला लागलं की ते आपसूक सरकतं, तसा तो सरकला. महिन्याचा पहिला रविवार होता. अलिबागच्या त्या लहानशा कौलारू देवळात प्रभुभोजन चाललं होतं, आणि मंडळीचा डीकन म्हणून द्राक्षरसाचा प्याला बाकाबाकांवरून फिरवायचं काम कित्येक वर्षं भागोजीकडे होतं. पुरुषांची बाजू झाली, बायकांची झाली. शेवटच्या बाकाच्या दाराकडच्या टोकाला त्याची बायको केसर बसते, ती प्याली. तिच्यानंतर कुणी नसतं. भागोजी वळणार तोच केसरच्या पलीकडून दोन वाळलेले हात वर आले. आवडाबाईचे. ही म्हातारी विधवा एरवी पहिल्या बाकावर, पाळकसाहेबांच्या पुढ्यात बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दिसत काही नाही, तेव्हा निदान ऐकू तरी नीट यावं म्हणून. आज ती उशिरा आली होती, काठीनं चाचपत दाराशीच थांबली होती आणि "सर गं जरा" म्हणून केसरला आत सारून टोकाला टेकली होती. हे भागोजीच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हातारीची बोटं प्याल्याच्या काठाला लागली आणि त्याचा हात मागे आला. थोडा रस त्याच्या पांढऱ्या बाहीवर सांडला. आवडाबाईचे हात तसेच हवेत राहिले. तिला वाटलं असेल, देणारा जरा बाजूला सरकला; तिनं ते आणखी थोडे पुढे केले. मग तिला कळलं. हात सावकाश खाली आले, मांडीवर एकावर एक ठेवले गेले, आणि तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. गीताचं कडवं चालूच होतं. पण बायकांच्या बाजूला तीन-चार माना वळलेल्या भागोजीनं पाहिल्या.

टेबलाशी आल्यावर उरलेला रस त्यानं स्वतः घेतला. डीकननं सगळ्यांना वाढून शेवटी आपण प्यायचं, ही या मंडळीची पहिल्यापासूनची चाल. आणि या चालीच्या खुंटीवरच त्यानं गेलं वर्षभर आपला संसार टांगून ठेवला होता. केसरला क्षय आहे असं मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं, त्या दिवसापासून ती मधल्या बाकावरून उठून दाराच्या टोकाला बसायला लागली. कुणी विचारलं तर सांगायचं, तिला उकाडा सोसत नाही. तिथे तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी येई, आणि तिच्यानंतर प्याला लागे तो एका भागोजीच्या तोंडाला. कुणाला धोका नाही, कुणाला शंका नाही. माणसागणिक प्याल्याचा काठ पांढऱ्या फडक्यानं पुसायचा असतो; केसर प्याल्यावर मात्र तो काठ पुसत नसे. तिचे ओठ जिथे लागले तिथेच तो आपले लावी. देवळात, सगळ्या मंडळीकडे पाठ करून, देवाच्या टेबलासमोर हे करताना त्याला लाज वाटे आणि फार बरंही वाटे. तरुणपणी हे असलं प्रेम करायला सवड कुणाला होती? तेव्हा पोलकी शिवायची होती, दोन मुलं पुरायची होती. आता शेवटी शेवटी महिन्यातून एकदा हे एवढं मिळत होतं. आज त्याला काठ कुठला ते आठवलं नाही. मिळेल तिथून तो घटकन प्यायला.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब अंगावरचा झगा उतरवता उतरवता म्हणाले, "भागोजीराव, आवडाबाईंचं राहिलं का हो?"

"प्याला रिकामा झाला होता, साहेब."

तो रिकामा नव्हता. भागोजी त्यातून प्यायला होता, आणि पाळकसाहेब हातभर अंतरावर उभे राहून ते बघत होते. त्यांनी चष्म्यातून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि झग्याची घडी घालू लागले. साधा, भला माणूस होता तो. त्यांनी रागावून विचारलं असतं तर भागोजी कदाचित सगळं ओकून मोकळा झाला असता.

घरी जाताना केसर पुढे आणि तो मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नारळीच्या वाड्या, रहाटांचा कुरकुर आवाज, ओहोटीच्या चिखलाचा वास. केसर सुरूच्या झाडाला धरून एकदा थांबली, खोकली, पुन्हा चालू लागली. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं की ती पाऊल उचली. तिनं पाहिलं होतं, यात संशयच नव्हता. तिच्या नाकासमोर झालं होतं ते. दाराशी पोचल्यावर ती म्हणाली, "बाही धुवायला टाका. डाग पडेल." बस्स. नवराबायकोचं भांडण झालं असतं तर बरं, असं भागोजीला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. भांडणात निदान कुणीतरी काहीतरी बोलतं.

रात्रभर तो सबबी शोधत राहिला. सबबी सगळ्या खऱ्याच होत्या, हीच तर पंचाईत. प्याला दिला असता तर? म्हातारीला क्षय लागला असता, आणि तो भागोजीनं आपल्या हातानं पाजलेला असता. नाही दिला, ते बरोबरच केलं. मग सांगून का टाकलं नाही? सांगायचं काय? की माझ्या बायकोचं उष्टं विषारी आहे? बाजारपेठेत त्याचं शिलाईचं दुकान, दुकानामागे राहती खोली. जागा भाड्याची. क्षयाच्या घरात शिवलेलं पोलकं कोण अंगात घालणार? घरमालक किती दिवस ठेवणार? आणि केसर, जिला शेजारच्या पोरींना टाके शिकवायचा एवढा षौक, तिच्याकडे पोरी पाठवणार कोण? भागोजीनं तिला शब्द दिला होता की माझ्या तोंडून हे कुणाला कळणार नाही. तिनं तो मागितला होता. जन्मात तिनं त्याच्याकडे मागितलेल्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, त्यातली ही एक.

पण दुसऱ्या बाजूला आवडाबाई होती. डीकन म्हणजे काय, तर पाळकाचा हरकाम्या, असं मंडळीतले टवाळ म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. दिव्यात तेल घाला, बाकं पुसा, मेलेल्याला खांदा द्या, आजाऱ्याकडे भाकरीचा तुकडा घेऊन जा. पण भागोजीला एक गोष्ट ठाऊक होती आणि तिचा त्याला अभिमान होता. अगदी पहिल्या मंडळीत, प्रेषितांच्या काळी, रोजच्या वाढपात विधवांची आबाळ व्हायला लागली, त्यांची कुरकूर कानावर आली, म्हणून माणसं निवडून त्यांच्याकडे वाढपाचं काम दिलं. ते पहिले डीकन. म्हणजे हे पद निघालंच मुळी विधवांच्या पानासाठी. आणि या विधवेच्या हातातून त्यानं भर मंडळीत प्याला काढून घेतला होता. तिला काय वाटलं असेल याचा विचार त्याला करवत नव्हता, कारण तिला काय वाटलं असेल हे त्याला नेमकं माहीत होतं.

तो लहान होता तेव्हाची गोष्ट. बाप कोंडाजी नुकताच बाप्तिस्मा घेऊन महारवाड्यातून मिशनच्या आवारात राहायला आला होता, आणि आवडाबाई त्यांच्याच भावकीतली, पोरवयात कपाळ पुसलेली. त्या वर्षी विद्वांस मास्तर म्हणून एक कोकणस्थ ब्राह्मण ख्रिस्ती झाले. त्यांनी मंडळीबरोबर पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं त्या रविवारी निम्मं गाव देवळाच्या खिडक्यांना लोंबकळत होतं. बामण प्याला घेतो की नाही, यावर पैजा लागल्या होत्या म्हणतात. तेव्हा बायकांचे बाक वेगळे नव्हते, सगळे चटयांवर. प्याला हातोहात येत आवडाबाईपाशी आला, ती प्याली, आणि तिच्यानंतरचे होते विद्वांस मास्तर. आवडाबाईनं पदरानं काठ पुसायला घेतला. मास्तर म्हणाले, "राहू दे, बाई," आणि तिच्या हातातून प्याला घेऊन तसेच प्यायले. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, कुणीतरी थुंकलं. बापाच्या मांडीवरून भागोजीनं हे पाहिलं होतं. ते खरंच आठवत होतं की ऐकून ऐकून डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं, हे आता सांगता येत नव्हतं. पुढे मास्तरांना त्यांच्या लोकांनी वाळीत टाकलं, ते कुठे घाटावर गेले, तिकडेच वारले. आवडाबाईला कुणी विचारलं, ख्रिस्ती होऊन तुला काय मिळालं गं, की ती शास्त्रातलं एक अक्षर सांगत नसे. म्हणे, "माज्या मागून मास्तर प्याला. बाकीचं माझ्या ध्यानात न्हाय."

शनिवारी मंडळीच्या कोठीतले तांदूळ विधवांना पोचवायचे असत. आवडाबाईची झोपडी नागावच्या वाटेवर, एका वाडीच्या कुंपणालगत. भागोजी गेला तेव्हा ती दारात बसून नारळाच्या झापाच्या काड्या ओढत होती, केरसुणीसाठी. आंधळ्या हातांचा तो सुरीचा सफाईदार सपकारा ऐकत तो उभा राहिला.

"भागू का? ठेव तिथं शिंक्याखाली."

"मावशी, उद्या येशील ना उपासनेला?"

"बघू. कंबर धरलीय."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि त्यानंच तो हादरला. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या, बापाचं नाव काढलं असतं, तर त्याला खाली मान घालता आली असती. तांदूळ ठेवले, माठात पाणी भरून दिलं, भिंतीचा कूड एका जागी सुटला होता तो बांधला. मग करायला काही उरलं नाही. "येतो" म्हणून तो निघाला आणि त्या रविवारी पहिल्या बाकावरची तिची जागा मोकळी राहिली. पुढच्याही.

केसरनंही जाणं सोडलं. "दम लागतो चालताना" म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण एका दुपारी दुकानातून तो कात्री शोधायला मागे आला, तर ती चुलीपाशी बसून करवंटीतून पाणी पीत होती. घासूनपुसून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी. पाणी पिऊन झाल्यावर तिनं ती विसळली आणि वळचणीला खोचून ठेवली. पोयनाडकडच्या तिच्या गावात वाडीवाल्याच्या परसदारी अशीच करवंटी खोचलेली असे. तिची आई कामाला गेली की तीत वरून ताक ओतत. केसर लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवसांत तिनं हे त्याला सांगितलं होतं, आणि सांगताना हसली होती, कारण तेव्हा ती मिशनच्या शाळेत कपबशीतून चहा प्यायला शिकलेली होती आणि ते सगळं मागे पडलं होतं.

"हे काय केसर? पेला आहे ना तुझा वेगळा?"

"पेला चुकून कुणी घेईल. ही कुणी घेणार नाही." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "तुमचा हात गेला ना हो मागे? बरोबर गेला. मी नाही म्हणत नाही. मला त्या दिवशी समजलं, बाकी काही नाही."

"काय समजलं?"

"की माझ्यानंतर कुणी प्यायचं नाही."

मी पितो ना, असं तो म्हणणार होता. पण नवऱ्यानं प्यायलेलं मोजायचं नसतं, हे त्याचं त्यालाच कळलं. नवरा म्हणजे घर. घराबाहेरचं एक माणूस तरी आपल्या मागून पितं, एवढ्यासाठीच त्या दोघांच्याही आईबापांनी गाव सोडलं होतं, नातलग सोडले होते, खंडोबा सोडला होता. तो तिथेच चुलीशी बसला. दुकानात कुणीतरी हाका मारत होतं. केसर म्हणाली, "जा, गिऱ्हाईक आलंय," आणि त्याला कात्री काढून दिली.

माघ संपत आला तसा तिचा आवाज बसला. आता ती रोज संध्याकाळी एकच विचारी, "आवडाबाई येते का हो देवळात?" आणि तो म्हणे, "तिची कंबर धरलीय." तिसऱ्यांदा की चौथ्यांदा त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिला सांगून टाका. माझं काय ते सांगा. म्हातारीला वाटत असेल, आपलंच काही चुकलं. असं वाटून घेऊन नाही हो मरवत माणसाला." शब्द तिनं मागितला होता, तिनंच परत दिला. भागोजी त्याच पावली उठला.

आवडाबाई कुडाला टेकून उन्हात बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि एका दमात म्हणाला, "मावशी, केसरला क्षय आहे. वर्ष झालं. तिच्या तोंडचा प्याला तुला कसा देऊ? म्हणून हात मागे घेतला. तुझ्यात काही नव्हतं, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं."

म्हातारीचे पांढरे डोळे त्याच्या आवाजाच्या रोखानं वळले.

"तुला काय वाटलं, मला ठावं न्हाय? डोळे गेले माझे, कान न्हाय गेले. तिचा खोकला मी वर्सभर ऐकते. माजा घरवाला ह्याच खोकल्यानं गेला. अख्ख्या मंडळीला ठावं हाय रं. बाजारातसुदीक ठावं हाय."

भागोजीला एकेक आठवायला लागलं. पाव आणायला गेलं की भट्टीवाला जैनुद्दीन न विचारता कागदात दोन अंडी बांधून देई, "आमच्या मासूमाच्या कोंबडीची, भाभीला द्या" म्हणे. घरमालकाची म्हातारी खोलीच्या मागच्या भिंतीला आपणहून खिडकी पाडून घ्या म्हणाली होती. पाळकीणबाई पूर्वी द्राक्षरसासाठी मनुका केसरकडे भिजत घालायला पाठवत, त्यांनी ते काम गाजावाजा न करता आपल्याकडे घेतलं होतं. त्याला हे सगळे योगायोग वाटले होते. साऱ्या गावानं त्याचं गुपित त्याच्यासाठी सांभाळलं होतं, आणि तो मात्र रात्री जागून त्यावर पहारा देत होता.

"मग मावशी, ठाऊक होतं तर तू तिथे..."

"म्हणून तर बसले तिथं." म्हातारी एकदम चिडली. "न्हायतर पहिला बाक सोडून मी दारात कशाला मरायला येते? वर्सभर ती पोर शेवटी पिते, तिच्या मागून कोन न्हाय. लोक फडकं बघतात, तू पुसतोस का न्हाय ते बघतात. मी म्हनलं, आपुन प्यावं. माझं काय ऱ्हायलंय आता? माझ्या मागून मास्तर प्याला तवा त्यानं इचार केला व्हता का, आपलं पुढं काय व्हईल? आन् मी हात पुढं केला, तर तू..." तिनं हात झटकला. "माजा अपमान झाला म्हनून न्हाय मी घरात बसले. मला वाटलं, तिला काय वाटलं आसंल. मी तिथं गेले नसते तर तुजा हात मागं आला नसता, आन् पोरीला ते बघावं लागलं नसतं."

भागोजी रडला. चाळिशी उलटलेला माणूस, मंडळीचा डीकन, भर उन्हात वाटेच्या कडेला बसून रडला. म्हातारीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "पहिल्या ऐतवारी तिला घेऊन ये. मी बसते तिथंच. आन् आता हात नीट ठेव."

घरी येऊन त्यानं केसरला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ती अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. "वेडी आहे म्हातारी," ती म्हणाली. तिची पाठ हलत होती. खोकला की रडं, त्याला कळेना. पुष्कळ वेळानं ती वळली. डोळे कधी नव्हे इतके लखलखीत होते. "मला घेऊन चला रविवारी," ती म्हणाली. त्या रात्री तिनं पाणी पेल्यातून मागितलं.

त्यानंतरचे दिवस भागोजीचे फार वाईट गेले. केसर खुशीत होती. चौकटीचं लुगडं काढून ठेवा म्हणाली, केस विंचरून घेतले. आणि तो मशीनवर बसून उलट्या शिवणी घालत होता. म्हातारीचं मन मोठं, कबूल. पण प्याला पोचवायचा कुणी? भागोजीनं. तिला खोकला लागला, रक्त पडलं, तर ते कुणाच्या हातचं? आणि पुन्हा हात मागे आला तर केसर तिथल्या तिथे मरेल, हेही त्याला दिसत होतं. देऊ तर एकीचा जीव घेतो, न देऊ तर दुसरीचा. पाळकसाहेबांना विचारावं म्हणून तो एकदा त्यांच्या दारापर्यंत गेला. ते पायरीवर बसून झेंडूच्या रोपांना पाणी घालत होते. "केसरबाई येणार म्हणे रविवारी," तेच म्हणाले, "फार चांगलं." तिचं प्रभुभोजन घरीच आणून देतो असं त्यांनी म्हणावं, एवढीच भागोजीची इच्छा होती. ते म्हणाले नाहीत. त्यांना कळत नव्हतं असं नाही. कधी कधी भली माणसं अशीच आपल्या गळ्यात सगळं टाकून झेंडूला पाणी घालत बसतात.

तो रविवार. केसरला त्यानं बैलगाडीतून आणलं, जवळजवळ उचलूनच बाकावर बसवलं. आवडाबाई आधीच येऊन टोकाला बसली होती. तिनं चाचपून केसरचा हात धरला तो सोडलाच नाही. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. केसरनं तुकडा घेतला, आवडाबाईनं घेतला. मग प्याला. पुरुषांच्या बाजूनं जाताना भागोजीला आपला हात दुसऱ्याचा वाटत होता. प्रत्येकाच्या नंतर तो काठ पुसत होता आणि फडकं ओलं होत होतं. बायकांचे बाक. मधला बाक. आणि शेवटचा. कुणी मागे वळून बघत नव्हतं, पण सगळ्या मंडळीची पाठ बघत होती. गीत आपसूक बारीक झालं.

केसरनं प्याला दोन्ही हातांनी धरला. वर नेला. तोंडाला लावला, मान थोडी मागे केली, क्षणभर तशीच राहिली. भागोजी तिच्या अगदी समोर वाकलेला होता. तिचे ओठ मिटलेले होते. घसा हलला नाही. रस काठापर्यंत आला आणि मिटलेल्या ओठांशी थांबून परत गेला. मग तिनं प्याला खाली घेतला, आणि भागोजीच्या पुढे झालेल्या हातात तो दिलाच नाही. वळून स्वतः आवडाबाईच्या हातांत ठेवला, तिची बोटं एकेक करून त्याच्याभोवती बसवली. "घे, मावशी," ती म्हणाली. बसलेल्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आवडाबाई दोन मोठे घोट प्याली. घटाघटा आवाज आला. "आमेन," ती म्हणाली, आणि तिचा तो सुरकुतलेला चेहरा असा फुलला की पुढच्या बाकावरच्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. प्याला भागोजीच्या हातात आला. तळाशी रस होता. त्यानं तो केसरकडे किंचित कलता केला: आता तरी, आता तर म्हातारीची पाळी झाली. केसरनं मान हलवली. फार थोडी, त्याच्यापुरती. आता घोट घेतला, तर आधी घेतलाच नव्हता हे शेजारच्या आंधळीला ऐकू येईल, हे तिला त्याच्याआधी कळलं होतं. तिच्या ओठांवर रसाचा मागमूस नव्हता. कोरडे, फिकट, पांढरट पडलेले ओठ, आणि ती त्याच ओठांनी त्याच्याकडे बघून हसली. वर्षभर आपण हिला जपतो असं तो समजत होता. तो टेबलाशी गेला आणि उरलेला रस प्यायला. त्या दिवशी तो आवडाबाईच्या मागून प्यायला.

पुढच्या पहिल्या रविवारी केसरला उठवेना. पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. तिनं भाकर घेतली आणि प्याल्याला हात जोडले. "माझं झालंय, साहेब," ती म्हणाली, "मागच्या वेळी भरपूर झालं." पाळकसाहेबांना वाटलं, ग्लानीत बोलते आहे. वैशाखात ती गेली.

मिशनच्या आवारामागे, सुरूच्या बनाशी, तिला पुरलं. वाळूची जमीन, खणलेलं सारखं ढासळत होतं. अख्खी मंडळी आली होती, बाजारातलीही माणसं होती, जैनुद्दीन टोपी हातात घेऊन लांब उभा होता. आवडाबाईला धरून खड्ड्याशी आणलं. तिनं मूठभर माती घेतली, पण टाकेना. मातीची मूठ छातीशी धरून ती सगळ्यांकडे वळली.

"ऐका रं समदे. हिच्या मागून मी प्याले. हिचं उष्टं मी प्याले. हाय का नाय मी धडधाकट? काय झालं मला?" तिच्या आवाजात इतका अभिमान होता की कुणाला खाली बघावं की वर ते कळेना. मग तिनं आंधळा हात हवेत फिरवून भागोजीला शोधला, त्याची बाही पकडली. "तू व्हतास तिथं. तू पाजलंस. सांग यांना, व्हय ना रं भागू?"

"व्हय, मावशी," भागोजी म्हणाला, "प्यालीस." आणि तिच्या हाताला धरून त्यानं ती मूठ केसरवर सोडवली.